गाडी दुसरी, रस्ता तोच

गोव्याच्या रस्त्यांवर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या मोटारी तुम्ही पाहिल्या असतील. ही गाडी भाड्याची आहे आणि भाड्याने घेणारा प्रवासी ती स्वतःच चालवतो आहे, असे ती पाटी सांगते. केंद्र सरकारने १९८९ साली अशा गाड्यांसाठी एक योजना लागू केली. वाहन चालवण्याचा परवाना असलेल्या प्रवाशाला या सोयीमुळे आज एक गाडी आणि उद्या दुसरी असे सहज करता येते.

अशा दोन गाड्या लागोपाठ चालवलेल्या माणसाला विचारा. तो म्हणेल, "ही जड वाटते, ती चपळ वाटते. ही वळणावर फार झुकते. तिचा ब्रेक एकदम लागतो." ही वर्णने ऐकली की वाटते, हा सगळा आवडीनिवडीचा भाग आहे, यात विज्ञानाचे काय काम? परंतु अशा प्रत्येक 'वाटण्या'मागे कोणते तरी बल असते, आणि बल मोजता येते. म्हणून आज आपण अशा दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करू आणि एकच प्रश्न विचारू. गाडी बदलली की काय बदलते, आणि काय बदलत नाही? या प्रश्नाचे उत्तर न कळल्यामुळे रस्त्यावर अपघात होऊ शकतात, म्हणून तो जरा नीट सोडवू या.

आपल्या दोन गाड्या

पहिली गाडी लहान, पेट्रोलवर चालणारी आणि हाताने गिअर बदलण्याची आहे. माणसे आणि सामान धरून तिचे वस्तुमान १२०० किलोग्रॅम आहे असे मानू. दुसरी विजेवर चालणारी आहे. माणसे आणि सामान धरून तिचे वस्तुमान १७०० किलोग्रॅम मानू. हा फरक मुख्यतः बॅटरीमुळे पडतो. एक किलोग्रॅम पेट्रोलमध्ये जेवढी ऊर्जा असते, तेवढी साठवायला कितीतरी पट जड बॅटरी लागते. ही जड बॅटरी बहुधा गाडीच्या तळाशी, बैठकींच्या खाली सपाट पसरलेली असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे वळणावर ती उपयोगी पडणार आहे.

निघताना

पहिली गाडी सुरू करताना चालक क्लच दाबतो, पहिला गिअर टाकतो आणि क्लच हळूहळू सोडतो. एवढा खटाटोप कशासाठी? पेट्रोलचे इंजिन शून्यातून जोर लावू शकत नाही. मिनिटाला सातआठशे फेऱ्यांपेक्षा ते फारच हळू फिरू लागले, तर बंद पडते. म्हणून चाके थांबलेली असताना इंजिन फिरते ठेवायला मध्ये क्लच लागतो. शिवाय इंजिनाचा फिरवण्याचा जोर, म्हणजे बलाचे आघूर्ण, सर्व वेगांना सारखे नसते. ते मिनिटाला काही हजार फेऱ्या झाल्यावर सर्वांत जास्त होते. सायकलला चढावर जसा हलका गिअर लागतो, तसाच या गाडीला निघताना पहिला गिअर लागतो.

विजेच्या मोटारीचे तसे नाही. चाक स्थिर असतानाही विद्युतप्रवाह सोडता येतो आणि जवळजवळ पूर्ण आघूर्ण पहिल्या क्षणापासून मिळते. ही मोटार मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेऱ्याही घेऊ शकते. त्यामुळे बहुतेक विजेच्या गाड्यांना एकच गिअर पुरतो आणि क्लच लागत नाही. म्हणून ५०० किलोग्रॅम जास्त असूनही दुसरी गाडी सिग्नलवरून निघताना पाठीला जोराचा रेटा देते. न्यूटनचा दुसरा नियम इथे मोडलेला नाही. वस्तुमान वाढले, पण बल त्याहून अधिक पटीने वाढले, म्हणून त्वरण वाढले.

आता आपल्या शरीराची एक गंमत पाहा. कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी इंद्रिये असतात. त्यांना वेग कळत नाही, वेगातला बदल तेवढा कळतो. गाडी एकाच वेगाने सरळ चालली असेल, तर डोळे मिटल्यावर वेग ३० आहे की ८०, हे सांगायला इंजिनाचा आवाज आणि बसणारे हादरे एवढाच आधार उरतो. पहिल्या गाडीत इंजिनाचा आवाज चढला की वेग वाढल्याची सूचना आपोआप मिळते. दुसऱ्या गाडीत ही सूचना जवळजवळ नसते. म्हणून नवख्या चालकाने तिच्यात कानांवर विसंबून न राहता वेगदर्शकाकडे वारंवार नजर टाकली पाहिजे.

पाय उचलल्यावर

दोन गाड्यांतला सर्वांत महत्त्वाचा फरक गाडी पळवताना नव्हे, तर ॲक्सिलरेटरवरून पाय उचलल्यावर कळतो.

पहिल्या गाडीत वरच्या गिअरमध्ये पाय उचलला, तर ती थोडीशीच मंदावते आणि पुढे जात राहते. दुसऱ्या गाडीत पाय उचलताच विजेची मोटार उलटे काम करू लागते. चाकेच तिला फिरवतात, ती जनित्र बनते आणि तयार झालेली वीज बॅटरीत परत जाते. ही वीज फुकट मिळत नाही. गाडीची गतिज ऊर्जा तेवढी कमी होते, म्हणजे गाडीला ब्रेक लागतो. काही गाड्यांत हा परिणाम कमीजास्त करण्याची सोय असते.

समजा, दोन्ही गाड्या ताशी ६० किलोमीटर वेगाने चालल्या आहेत आणि चालकाने दोन सेकंद पाय उचलून धरला. पहिलीचा वेग दर सेकंदाला अर्धा मीटर प्रति सेकंद एवढा घटतो आणि दुसरीचा दीड मीटर प्रति सेकंद एवढा, असे धरू. दोन सेकंदांनंतर पहिलीचा वेग ताशी सुमारे ५६ किलोमीटर असेल आणि दुसरीचा सुमारे ४९.

आता कल्पना करा. एका माणसाने चार दिवस दुसरी गाडी चालवली. पुढे बैलगाडी दिसली की पाय उचलायचा, गाडी आपोआप मंदावते, अशी सवय त्याच्या पायाला लागली. पाचव्या दिवशी त्याने पहिली गाडी घेतली. पुढे बैलगाडी आली, त्याने पाय उचलला आणि गाडी मंदावेल म्हणून वाट पाहिली. त्या दोन सेकंदांत गाडी ३० मीटरहून अधिक पुढे गेलेली असते! उलट पहिल्या गाडीची सवय असलेला माणूस दुसरीत बसला, तर त्याचा डावा पाय नसलेला क्लच शोधतो आणि कधी ब्रेकवरच जोरात पडतो. मागून येणाऱ्या वाहनाला मग थांबायला वेळ मिळत नाही. दोन्ही गाड्या निर्दोष असतात. सवय मात्र एका गाडीची आणि पाय दुसरीत, अशी स्थिती होते.

घाट उतरताना

गोव्यातून बेळगावकडे जाणारा चोर्ला घाट किंवा सह्याद्रीतला दुसरा कोणताही घाट घ्या. समजा, आपण ५०० मीटर उंची उतरलो. पहिल्या गाडीची स्थितिज ऊर्जा सुमारे ५९ लाख ज्यूलने कमी झाली आणि दुसरीची सुमारे ८३ लाख ज्यूलने. विजेच्या बिलावरचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे हे आकडे अनुक्रमे १.६ आणि २.३ युनिट होतात.

एवढी ऊर्जा जाते कुठे? काही भाग हवेचा रोध आणि टायरांचे घर्षण यांत खर्च होतो. उरलेल्या ऊर्जेचे काय, यावर चालवण्याचा अनुभव ठरतो. पहिल्या गाडीत ती साठवायला जागा नाही, ती उष्णता बनूनच बाहेर पडली पाहिजे. जाणता चालक घाट उतरताना खालचा गिअर ठेवतो. मग इंजिन फिरवण्यात बरीच ऊर्जा खर्ची पडते आणि ब्रेक थंड राहतात. नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवला, तर ते तापत जातात आणि फार तापल्यावर त्यांची पकड कमी होते. म्हणून घाटात गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचवू पाहणे हा जिवाशी खेळ आहे.

दुसऱ्या गाडीत उरलेल्या ऊर्जेचा बराचसा भाग बॅटरीत परत जातो. पण इथेही एक मेख आहे. भरलेल्या घागरीत आणखी पाणी मावत नाही, तशी काठोकाठ भरलेली बॅटरी आणखी वीज घेऊ शकत नाही. घाटमाथ्यावर बॅटरी पूर्ण भरून निघालात, तर पाय उचलल्यावर कालच्यासारखी गाडी मंदावणार नाही. तीच गाडी, तोच चालक, पण वागणे निराळे! ज्याला कारण माहीत आहे तो न गडबडता ब्रेक वापरतो.

वळणावर

वळणावर गाडीला वर्तुळाच्या केंद्राकडे खेचणारे अभिकेंद्री बल लागते. हे बल टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणच पुरवते. वस्तुमान दुप्पट झाले तर लागणारे बल दुप्पट होते, पण चाकांवरचा भार दुप्पट झाल्याने मिळू शकणारे घर्षणही साधारण दुप्पट होते. त्यामुळे वस्तुमान गणितातून निघून जाते! उरतात तीन गोष्टी: वेग, वळणाची त्रिज्या आणि रस्त्याची पकड.

३० मीटर त्रिज्येचे घाटातले वळण घ्या. ओल्या रस्त्याचा घर्षणांक ०.४ धरला, तर घसरण्यापूर्वीचा मोठ्यात मोठा वेग निघतो ताशी सुमारे ३९ किलोमीटर. पहिल्या गाडीलाही तोच आणि दुसरीलाही जवळजवळ तोच.

मग अनुभव वेगळा का? कारण दुसऱ्या गाडीची जड बॅटरी तळाशी असल्याने तिचा गुरुत्वमध्य खाली असतो. अशी गाडी वळणावर बाहेरच्या बाजूला कमी झुकते. पहिली अधिक झुकते, बसलेली माणसे एकमेकांवर रेलतात, कोणीतरी म्हणते, "अहो, जरा हळू!" आणि चालक वेग कमी करतो. दुसऱ्या गाडीत त्याच वेगाला सर्व शांत असते. कोणी काही बोलत नाही. पण रस्त्याने घातलेली मर्यादा तिळभरही पुढे सरकलेली नसते. पहिली गाडी मर्यादेची सूचना आधी देते, दुसरी उशिरा देते. जी गाडी अधिक आरामशीर वाटते, तिच्यात म्हणूनच अधिक सावध राहावे लागते.

थांबताना

थांबण्याचे गणितही असेच आहे. गाडीची गतिज ऊर्जा घर्षणाने केलेल्या कार्याइतकी असते. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना वस्तुमान येते आणि ते निघून जाते. उरते ते असे: ब्रेक लागल्यापासूनचे अंतर म्हणजे वेगाचा वर्ग, भागिले घर्षणांक आणि गुरुत्व त्वरण यांच्या गुणाकाराची दुप्पट. संकट दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो असे मानू. कोरड्या रस्त्याचा घर्षणांक ०.७ आणि ओल्याचा ०.४ घेऊन थांबेपर्यंतचे एकूण अंतर पाहा:

ताशी ३० किलोमीटर: कोरड्या रस्त्यावर १३ मीटर, ओल्या रस्त्यावर १७ मीटर.
ताशी ६० किलोमीटर: कोरड्या रस्त्यावर ३७ मीटर, ओल्या रस्त्यावर ५२ मीटर.
ताशी ८० किलोमीटर: कोरड्या रस्त्यावर ५८ मीटर, ओल्या रस्त्यावर ८५ मीटर.

वेग ३० वरून ६० वर नेला, तर ओल्या रस्त्यावरचे अंतर दुपटीने नव्हे, तिपटीने वाढले. या कोष्टकात 'पहिली गाडी' आणि 'दुसरी गाडी' असे वेगळे रकाने नाहीत, हेही पाहा. टायर सारखे चांगले असतील आणि ब्रेक ठीक असतील, तर दोघींचे अंतर सारखेच येते. फरक पडतो तो उष्णतेत. ताशी ६० किलोमीटरवरून थांबताना पहिलीच्या १ लाख ६७ हजार ज्यूलची आणि दुसरीच्या २ लाख ३६ हजार ज्यूलची विल्हेवाट लावावी लागते. म्हणून जड गाडीला मोठे ब्रेक बसवतात.

एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना चाके जखडू न देणारी ब्रेकयंत्रणा सक्तीची आहे. ती जोरात ब्रेक दाबल्यावर चाकांना फिरते ठेवते, त्यामुळे गाडी वळवता येते. पण ओला रस्ता कोरडा करणे तिला जमत नाही.

तुलना कशी करावी?

समजा, एका माणसाने सोमवारी पहिली गाडी रिकाम्या सपाट रस्त्यावर चालवली आणि मंगळवारी दुसरी गाडी पाच माणसांसह पावसात घाटात चालवली. "पहिली चांगली" असे तो म्हणाला, तर तुम्ही मान्य कराल काय? प्रयोगाचा पहिला नियम असा की, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. रस्ता, चालक, माणसे आणि सामान तेच हवे. टायरांतली हवा प्रत्येक गाडीवर लिहिलेल्या दाबाइतकी भरलेली हवी. हा आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. आधी पहिली, मग दुसरी, मग पुन्हा दुसरी आणि शेवटी पहिली, अशा क्रमाने फेऱ्या कराव्या. नाही तर रस्ता ओळखीचा झाल्याचा फायदा नेहमी दुसऱ्या गाडीलाच मिळेल.

तुम्ही गाडी चालवू शकत नाही, पण मोजमाप नक्की करू शकता. एका पुठ्ठ्यावर कोनमापक उलटा, म्हणजे सरळ कड वर येईल असा, चिकटवा. त्याच्या मध्यबिंदूपासून दोऱ्याने एक लहान नट टांगा. मागच्या बैठकीवर पट्टा बांधून बसा आणि घरातील मोठ्या माणसाला नेहमीसारखी गाडी चालवू द्या. जोरात चालवायला सांगू नका. निघताना आणि थांबताना पुठ्ठा गाडीच्या लांबीच्या दिशेने धरा, वळणावर आडवा धरा. दोरा सरळ रेषेपासून ५ अंश सरकला तर त्वरण सुमारे ०.९ मीटर प्रति सेकंद वर्ग, १० अंशांना १.७, १५ अंशांना २.६ आणि २० अंशांना ३.६. मोबाइल फोनमध्ये त्वरण मोजणारी इवलीशी चकती असते. तिची नोंद दाखवणारी सोय फोनमध्ये असेल, तर दोऱ्याशी ताडून पाहा.

या साध्या उपकरणात एक खोच आहे. पुठ्ठा गाडीबरोबर झुकतो. वळणावर गाडी बाहेर झुकली की दोऱ्याचा कोन खऱ्याहून थोडा मोठा दिसतो. म्हणजे फार झुकणारी गाडी तुमच्या उपकरणालाही फसवते, अगदी जशी ती तुमच्या शरीराला फसवते!

नवी गाडी हाती घेताना

आता मूळ प्रश्नाचे उत्तर देता येईल. गाडी बदलली की पाठीला बसणारा रेटा, आवाज, झुकणे आणि पाय उचलल्यावरचे वागणे बदलते. ओल्या रस्त्याची पकड, वळणाची त्रिज्या आणि वेगाचा वर्ग यांना गाडी कोणती आली याचे सोयरसुतक नसते.

म्हणून अनोळखी गाडी घेतल्यावर जाणता माणूस लगेच महामार्गाला लागत नाही. तो आधी बैठक आणि आरसे जुळवतो, टायरांवरची नक्षी झिजली आहे का आणि हवा पुरेशी आहे का ते पाहतो, मोकळ्या जागेत दहा मिनिटे हळू चालवतो, दोनचार वेळा ब्रेक लावतो आणि पाय उचलून गाडी किती मंदावते ते पाहतो. पुढच्या सुट्टीत तुमच्या घरच्यांनी भाड्याची गाडी घेतली, तर या दहा मिनिटांची आठवण तुम्ही करून द्या. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा बांधायचा, हेही सांगा.

सोडवून पाहा

१. ताशी ३० ऐवजी ९० किलोमीटर वेग असेल, तर ब्रेक लागल्यापासूनचे अंतर किती पट होईल?
२. ओल्या रस्त्यावर १५ मीटर त्रिज्येच्या वळणाला मोठ्यात मोठा वेग किती?
३. गाडी निघताना टांगलेला नट मागे का जातो?

उत्तरे: १. नऊ पट. २. ताशी सुमारे २८ किलोमीटर. ३. जडत्वामुळे नट जागच्या जागी राहू पाहतो आणि गाडी पुढे जाते.